लिलावातलं वाकडं पडवळ

भात कापून झालं की आमच्या भागात दोन घाया सुरू होतात. शेतकऱ्यांना वाल पेरायची घाई, कारण जमिनीतली ओल सुकायच्या आत दाणा पडायला हवा. आणि आम्हा ख्रिस्ती मंडळींना कापणीच्या सणाची घाई, कारण तो नाताळच्या गडबडीत सापडायच्या आत व्हायला हवा. गेल्या आठवड्यात रोह्याच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात नदीकडून वारा आला आणि त्याला कापलेल्या भाताचा वास होता. थोडा गोड, थोडा धुळकट, नव्या केरसुणीला येतो तसा. मी हातात ओली चादर घेऊन तशीच उभी राहिले. माझा नवरा दाविद कंपनीतून पहिली शिफ्ट करून नुकताच आला होता. तो म्हणाला, "काय झालं? गॅस चालू राहिला काय?"

"सण आला," मी म्हटलं.

"मग पेणला जायचं असेल. पिशव्या काढतो," असं म्हणून तो चहा करायला गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली की त्याला आता कारण विचारावं लागत नाही.

मी जन्माने पेणची. आजोबा घाटावरून आलेले, त्यामुळे शेजारी आम्हाला कायम घाटावरचे म्हणत आणि घाटावरचे नातेवाईक आम्हाला कोकणे म्हणत. दोन्हीकडच्यांचं जेवण मात्र आम्ही मनापासून जेवलो. पेणचं आमचं चर्च अगदी लहान, कौलारू, बाजाराच्या रस्त्याला लागून. आत सतरंज्या, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, आणि मुलं पुढे, पाळकसाहेबांच्या नजरेखाली. मंडळीत शेती असलेली घरं थोडी. बाकी कोणी रेल्वेत, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत. तरी कापणीच्या सणाला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसे. खांबांना ऊस बांधलेले, खिडक्यांत भाताच्या लोंब्या, पुढच्या टेबलावर नारळ, केळीचे घड, काकड्या, अळूच्या जुड्या, तांदळाची पायली, पापडांच्या चवडी. टेबलाखाली पाय बांधलेला एखादा कोंबडा असे. उपदेश चालू असताना तो मधूनमधून आपलं मत देई आणि आम्ही मुलं तोंडात ओढणी नाहीतर रुमाल कोंबून हसायचो.

उपासना झाली की अंगणात लिलाव. ज्याने जे देवाला आणलं ते पुकारायचं, आणि जो जास्त बोली करील त्याने न्यायचं. पुकारायचे ते शांतवनकाका. ते हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करत, त्यामुळे सणाच्या दिवशीसुद्धा त्यांच्या नखांत सोनेरी रंग असे. पाळकसाहेबांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, कारण चर्चच्या खिडक्याही तेच दर वर्षी फुकट रंगवून देत.

मोठ्यांच्या लिलावाआधी मुलांचा. आमच्या चर्चची ही खास रीत होती, दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. मुलाने आणलेली वस्तू शांतवनकाका हातात उंच धरत, मुलाचं नाव घेत, आणि पहिली बोली त्या मुलाच्या बापानेच करायची. बाप बोलल्याशिवाय दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. मग बाकीचे पुरुष मुद्दाम बोली चढवत, बापाला घाम फोडत, आणि शेवटी हसत हसत ती वस्तू बापालाच देत. लेकराची वस्तू परक्या घरी जात नसे. ती घरी न्यायची, त्याच दिवशी शिजवायची आणि सगळ्या घराने मिळून खायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडलेलंही कोणी पाहिलं नव्हतं.

माझे बाबा पोह्याच्या गिरणीत भट्टीवर कामाला होते. त्यांच्या केसांना, बंडीला, उशीच्या अभ्र्यालासुद्धा भाजलेल्या भाताचा वास यायचा. गिरणीत यंत्रांचा एवढा खडखडाट की तिथली माणसं घरी येऊनही ओरडूनच बोलत. बाबांनी जेवताना "मीठ दे" म्हटलं तर शेजारची मीठ घेऊन येईल, अशी आईची तक्रार होती. लिलावात मात्र त्या आवाजाची मजा यायची. एका सणाला मी आमच्या कोंबडीचं एकच अंडं नेलं होतं. शांतवनकाकांनी ते हिरा असल्यासारखं दोन बोटांत धरलं, माझं नाव घेतलं, आणि मागून बाबांचा आवाज असा काही आला की पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. त्यांच्या एका दोस्ताने बोली चढवली, बाबांनी आणखी चढवली, त्याने आणखी. बायकांच्या बाजूने आई डोळे वटारत होती. शेवटी अंडं आमच्याकडेच आलं आणि घरी पोचेपर्यंत बाबांच्या सदऱ्याच्या खिशात फुटलं. आईला हसावं की रडावं कळेना.

"माझ्या लेकीचं अंडं हाय," बाबा म्हणाले. "तव्यावर फोडीन नाय तर खिशात फोडीन."

मला आजही सुख म्हटलं की तो पिवळा डाग पडलेला सदरा दिसतो. आपली क्षुल्लक वस्तू चारचौघांत उंच धरली जावी आणि ती आपल्याला हवी आहे असं कोणीतरी मोठ्याने सांगावं, याहून जास्त मुलाला काय लागतं? मोठ्यांनाही काय लागतं?

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. साधा ताप म्हणून दवाखान्यात दाखवलं, मग मोठ्या दवाखान्यात हलवलं, आणि तिथून त्यांना झाकून आणलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. घरात ओल्या छत्र्यांची रांग, चपलांचा ढीग, आणि येणारी प्रत्येक बाई माझ्या डोक्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणे, "रडू नको गो. आता देवच तुझा बाप."

लोक चांगले होते. त्यांनी आमच्या घरी डाळ-तांदूळ पोचवले, आईला प्रसूतिगृहात आयाची नोकरी बघून दिली, माझ्या शाळेचं पाहिलं. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण ते वाक्य मला पटत नव्हतं. बाप म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. बाप गिरणीतून येताना खिशात गरम पोहे आणतो. बाप सायकलच्या दांडीवर बसवतो. देव यातलं काय करणार होता? आणि मुळात बाबांना नेलं कोणी, हेही मला कोणी नीट सांगत नव्हतं. एकजण म्हणाले, देवाची इच्छा. मग ज्याच्या इच्छेने माझा बाप गेला त्यालाच मी बाप म्हणायचं, हा हिशोब काही माझ्या डोक्यात बसेना.

आमच्या घरी रोज दिवेलागणीला प्रभूची प्रार्थना व्हायची. तिची सुरुवातच बापाला हाक मारून होते. त्या पावसाळ्यात मी ती हाक गाळू लागले. आई म्हणायची, मी ओठ मिटून बसायची, आणि पुढच्या ओळीपासून सूर धरायची. रोजची भाकरी मागायच्या ओळीपाशी आलं की माझा आवाज अगदी खणखणीत, कारण भाकरीशी माझं काही वाकडं नव्हतं. आईच्या हे ध्यानात आलं नसेल असं होणार नाही. तिने एकदाही टोकलं नाही. तिची माझ्याकडे बघायची एक पद्धत होती, पदराने हात पुसत पुसत बघायची, आणि मग वाढायला घ्यायची.

घरामागे न्हाणीवर बाबांनी पडवळाचा वेल चढवला होता, आजारी पडायच्या थोडेच दिवस आधी. पडवळ ज्यांनी लावलंय त्यांना माहीत आहे, ते बोटाएवढं असतानाच त्याच्या शेंड्याला सुतळीने लहानसा दगड बांधावा लागतो. दगडाच्या वजनाने ते सरळ खाली वाढतं. बाबा भोगावती नदीच्या पात्रातून गुळगुळीत दगड वेचून आणत आणि मला विचारत, "हा या पडवळाला शोभंल काय?" जणू दागिनाच घालायचा होता. त्या वर्षी वेल फुलला, लागला, पण दगड कोणी बांधले नाहीत. आई पहाटे कामावर जायची आणि माझा हात पोचत नव्हता. सगळी पडवळं आपापल्या मनाने वाढली. कोणी कोयत्यासारखं, कोणी आकड्यासारखं, आणि एक तर स्वतःभोवतीच वेटोळं घालून बसलेलं. शेजारच्या मुलांना ती पाहून हसू यायचं. मला नाही यायचं. न्हाणीत अंघोळीला बसलं की ती सगळी वाकडी पडवळं डोक्यावर लोंबत असायची, आणि आमच्या घरात कोण नाही हे त्यांनी सगळ्या आळीला सांगून टाकलंय असं मला वाटायचं.

भात कापणीला आलं. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी सणाची घोषणा केली, आणि मुलांनी आपापली वस्तू आणावी असं नेहमीप्रमाणे सांगितलं. बाकीची मुलं काय आणणार यावर भांडू लागली. मी चपला घालून निघाले.

घरी आल्यावर आई तांदूळ धूत होती. मी म्हटलं, "आई, माझी बोली कोण करील?"

आईचे हात पाण्यात थांबले. मग म्हणाली, "बघू गो. देव हाय ना."

"देव लिलावात बोलत नाय," मी म्हटलं.

हे मी चिडून नव्हते म्हणाले. मला खरंच भीती वाटत होती. शांतवनकाका वस्तू उंच धरतील, माझं नाव घेतील, आणि मागून आवाजच येणार नाही. नुसता आवाज येणार नाही एवढंच नव्हे, तर सगळी मंडळी वळून बघतील, कीव करतील, आणि मग कोणीतरी खाकरून, भीक घालावी तशी बोली करील. मला ती बोली नको होती. कोणाचीच नको होती, असंही नाही. मला बाबांचीच हवी होती.

आईने आपल्या परीने तोड काढली. रोह्याला माझा मामा होता, कंपनीत कामाला. त्याला तिने निरोप धाडला, सणाला ये आणि पोरीची बोली तू कर. मामाने नक्की येतो म्हणून कळवलं. आईने ते पाळकीणबाईंना सांगितलं, पाळकीणबाईंनी आणखी चौघींना, आणि सण येईपर्यंत मामा बोली करणार हे सगळ्या मंडळीला ठाऊक झालं. मला जरा धीर आला. मामाचा आवाज बारीक होता, पण होता.

सणाच्या दिवशी सकाळी वेलावर एकच पडवळ उरलं होतं, ते वेटोळं घातलेलं. बाकीची आम्ही खाऊन संपवली होती. आई म्हणाली, बाजारातून काहीतरी आणू. मी नको म्हटलं. आमच्या दारचं जे होतं ते हेच होतं. आईने ते स्वच्छ पुसून माझ्या हातात दिलं, आणि मी ते फ्रॉकला टेकवून, शक्यतो सरळ दिसेल असं धरून चर्चला निघाले.

मामा उपासनेला आला नाही. शेवटचं गीत झालं, तरी आला नाही. रात्रपाळी संपल्यावर त्याच्या जागी सकाळी येणारा माणूस आलाच नव्हता आणि मामाला मशीन सोडून निघता येईना, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. अंगणात लिलाव सुरू झाला. कोणाची काकडी गेली, कोणाचे पेरू गेले, बापांच्या आरोळ्या, हशा. मग शांतवनकाकांनी माझं पडवळ उचललं. ते वेटोळं पाहून एक-दोन मुलं फिसकन हसली. काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हसणं जागीच थांबलं. त्यांनी माझं नाव घेतलं.

आणि कोणी बोललं नाही.

आज मला त्या शांततेचा अर्थ कळतो. प्रत्येकाला वाटत होतं, मामा इथेच कुठेतरी मागे उभा असेल, तो आता बोलेल. आपण मधे तोंड घालणं बरं नाही. बापाची बोली, त्यातून तो बाप नुकताच गेलेला. त्याची जागा कशी घ्यायची? सगळे मानाने गप्प होते. इतके भले लोक एकाच वेळी इतकं चुकले, ते केवळ भलेपणापायी. पण मी लहान होते. मला एवढंच कळलं की माझी वस्तू वर धरलेली आहे आणि ती कोणालाही नकोय. शांतवनकाकांनी पुन्हा माझं नाव घेतलं, या वेळी जरा हळू. मी माझ्या पायांकडे बघत होते.

तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला. मोठा, मोकळा, शेताच्या बांधावरून पलीकडच्या बांधावरच्याला हाक मारावी तसा.

"ओ दादा! ते पडवळ मला द्या! काय ते पैसे सांगा!"

मी लगेच वळून पाहिलं नाही. आवाज मागून आला होता, मोठा होता, आणि पुरुषाचा होता. वळून पाहीपर्यंत तो कोणाचाही असू शकत होता. त्या क्षणभरात माझ्या अंगावर जो काटा आला, तो अजून आठवतो.

मग पाहिलं. फाटकाला सायकल टेकवून एक माणूस उभा होता. डोक्याला टॉवेल, सदऱ्याला भाताची कुसळं चिकटलेली, कॅरियरला बाजारातून घेतलेली टोपली बांधलेली. जवळच्या गडब गावचे शेतकरी होते, हिराजीकाका. तेव्हा आमच्यातलं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. बाजाराला आले होते, गर्दी पाहिली, भाजीचा लिलाव दिसला आणि थांबले. आमची रीत त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

शांतवनकाका गडबडले. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी आईकडे. आईने मान हलवली. काकांनी रीतीप्रमाणे तीन वेळा पुकारलं. चढवायला कोणी तयार नव्हतं. हिराजीकाका चपला फाटकाशी काढून आत आले, दानाच्या ताटात पैसे ठेवले आणि पडवळाला हात घातला. तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांना हळूच सांगितलं, की आमच्याकडे मुलांनी आणलेली वस्तू त्यांच्याच घरी परत जाते, तिथेच शिजते, अशी पद्धत आहे.

"व्हय?" ते म्हणाले. पडवळ हातात तसंच. जरा विचार केला. "मंग पोरीच्या घरी जाऊ दे. पण भाजी मला पायजे. मी येतो जेवाला."

अंगणात हसू फुटलं. आणि त्या हसण्यात मी आईचा आवाज ओळखला. पावसाळ्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

ते खरंच आले. सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालत आले आणि पडवळ हँडलला अडकवलं, वाकडं असल्यामुळे ते छान बसलं. आईने वालाच्या डाळिंब्या भिजवून सोलून ठेवल्या होत्या, त्यात पडवळ घातलं, वर ओलं खोबरं. काकांनी ओट्यावर हातपाय धुतले आणि मांडी घालून बसले. आई जरा संकोचून म्हणाली, "आमच्यात चालंल ना तुम्हाला?"

"भूक लागली का सगळ्यांच्यात चालतं," ते म्हणाले.

जेवायच्या आधी आईने देवाचे आभार मानले, तेव्हा त्यांनीही टॉवेल काढून हात जोडले. मग भाजी तीनदा मागून घेतली. भिंतीवर बाबांचा फोटो होता. जेवताना त्यांची नजर त्यावर गेली, माझ्यावर आली, पुन्हा ताटात गेली.  जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "पुढच्या साली दगड बांधा गो."

त्या दिवशी दिवेलागणीला आई आणि मी प्रार्थनेला बसलो. आईने बापाला हाक मारली आणि मीही मारली. ठरवून काही केलं नव्हतं. ती हाक आपसूक तोंडातून आली, फाटकाकडून ती बोली आली होती तशीच. आई मधेच थांबली. तिला पुढचं म्हणता येईना. मी एकटीनेच सगळी प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली, आणि आमेन मात्र दोघींनी मिळून म्हटलं. मग मामा आला, मशीनच्या तेलाचे हात, तोंड रडवेलं. आईने त्याला उरलेली भाजी वाढली.

त्यानंतर माझं सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. बाबा परत आले नाहीत. त्यांना कोणी नेलं आणि का, हे मला आजही कळलेलं नाही, आणि ज्यांना कळलंय असं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण एक गोष्ट त्या हंगामात माझ्या हाती लागली. देव बाप आहे याचा अर्थ तो प्रश्नाचं उत्तर देतो असा नाही. आपण वर धरलेले असतो, सगळीकडे शांतता असते, आणि तो त्या शांततेत आपल्याला टांगून ठेवत नाही. मदत ज्या दिशेने येईल म्हणून आपण बघत असतो तिथून ती येतेच असं नाही. मी रोह्याच्या रस्त्याकडे डोळे लावले होते, आणि हाक आली बाजाराकडून.

पुढे मीच रोह्यात नांदायला आले. मुलगा लहानपणी दवाखान्यात होता तेव्हा, दाविदची कंपनी काही काळ बंद पडली तेव्हा, आई गेली तेव्हा, मी आधी "बापा" म्हटलं आणि मग रडले. कधी आधी रडले आणि मग म्हटलं. कधी भांडलेही. दाविद माझा चेहरा पाहून विचारतो, "आज बापाशी वाजलंय वाटतं?" वाजतं कधीकधी. बापाशी नाही भांडायचं तर कोणाशी? पण भांडण झालं म्हणून कोणी बापाचं घर सोडत नाही, आणि मला त्या घरातून कोणी बाहेर काढलेलं नाही. भाकरी रोजची रोज मिळाली. माणसं मिळाली. आभार मानायला बसले तर माझी प्रार्थना संपत नाही, आणि दाविद आमेन म्हणून ती संपवतो.

या वर्षी मी पेणला रेल्वेने न जाता एसटीने निघाले. रस्त्याचं काम अजून चालूच आहे, त्यामुळे धूळ खात, खड्डे मोजत जायचं होतं, पण मधे गडबला उतरायचं मनात होतं. हिराजीकाका आता फार थकलेत, असं कळलं होतं. आई होती तोवर ते पेणला आले की वालाची पिशवी ठेवून जात. मीही अधूनमधून भेटत आले. पण त्या दिवसाबद्दल मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आभार मानायचे राहून गेले होते. काही आभार इतके मोठे असतात की ते बोलायला लाज वाटते.

शेतात यंत्राने मळणी चालू होती. पलीकडे रिकाम्या खाचरात बायका वाल टाकत होत्या. काका पडवीत खाटेवर बसले होते. नजर अधू झालेली, पण आवाज तोच. सुनेने चहा दिला. मी पेणच्या सणाला निघालेय म्हटल्यावर ते म्हणाले, "तुमच्या त्या लिलावाला?"

मग मी बोलले. म्हटलं, "काका, त्या दिवशी माझे बाबा नव्हते, सगळे गप्प होते, आणि तुम्हाला माझी दया आली म्हणून तुम्ही बोललात. तुमचे उपकार मी जन्मभर विसरले नाही."

काकांनी कान पुढे केला. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसावं.

"कसली दया गो?" ते म्हणाले. "तू कोण, कोणाची, मला काय ठावं? तुझा बापूस नाय, ते मला तुझ्या घरी फोटो बघून कळलं. त्या साली आमचा वेल शेळीनं खाल्ला व्हता. मला पडवळ लय आवडतं."

"पण ते वाकडं होतं, काका. वेटोळं झालं होतं."

"मंग?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "मला पायजे व्हतं."

सुनेला वाटलं मला ठसका लागला. तिने पाणी आणून दिलं. मी हसत होते की रडत होते, मलाच सांगता येईना. इतकी वर्षं मी देवाचे आभार मानत आले, ते त्याने एका बिनबापाच्या पोरीवर दया केली म्हणून. त्याचा प्रेमळपणा मला कळला होता, पण त्या प्रेमात कुठेतरी मी डोक्यावर हात ठेवून घेणारी, सांभाळून घेतलेली, आश्रितच राहिले होते. त्याला मी हवी आहे, हे मला आजवर सुचलंच नव्हतं.

रस्त्यावर पेणची एसटी दिसली. काकांच्या पाया पडले आणि धावत सुटले.